दाजींची दुसरी खेप

आमच्या दाजींनी जन्माला आल्यापासून एकही गोष्ट एकदाच करून सोडलेली नाही. खुद्द जन्माबद्दलही मला शंका आहे, कारण त्यांच्या आई सांगतात की सुईणीने "आलं, आलं" म्हणून ओरडल्यावरही पुढे बराच वेळ काहीच आलं नव्हतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मूळचे खानापूर तालुक्यातले, कणकुंबीच्या रानातल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याघरचे. बेळगावात खासबागेत त्यांचं घर आहे आणि ते उद्यमबागेत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. 'होते' का म्हणालो ते पुढे येईलच. मला बेळगावात नोकरी लागली तेव्हा खोली मिळेपर्यंत म्हणून मी निपाणीहून त्यांच्याकडे राहायला आलो. खोली अजून मिळालेली नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती शोधलेलीही नाही. असा माणूस रोज घरबसल्या बघायला मिळत असताना भाडं भरून चार भिंतींकडे कोण बघत बसणार होतं?

सकाळी कामाला निघताना ते दाराशी बूट घालता घालता "चला, येतो मी" असं म्हणत. हा त्यांचा पहिला निरोप. याला घरातलं कुणीही उत्तर देत नसे. आक्का स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे, मी तोंडापुढचा पेपर खाली घेत नसे आणि मावशी, म्हणजे दाजींच्या आई, जपमाळ थांबवत नसत. कारण गल्लीच्या कोपऱ्यावर पोचले की दाजींच्या मनात काहीतरी येई आणि ते परत फिरत. कधी गॅस बंद आहे का ते बघायला, कधी मागच्या दाराची कडी, कधी गाडीची किल्ली, जी त्यांच्या हातातच असे. ही दुसरी खेप म्हणजे खरा निरोप. तेव्हा आक्का पदराला हात पुसत उंबऱ्यापर्यंत यायची, डबा हातात द्यायची, मावशी माळ बाजूला ठेवायच्या आणि दाजी एकेकाकडे नीट बघून "येतो गं आई, येतो गं, येतो पावणं" असं म्हणून जायचे. पावणं म्हणजे मी. शेजारच्या काकूंनाही हे वेळापत्रक पाठ होतं. पहिल्या फेरीला त्या ढुंकून बघायच्या नाहीत, दुसऱ्या फेरीला पिशवी घेऊन दारात हजर. "येताना कोथिंबीर आणा ओ," असं त्या म्हणायच्या, आणि दाजी कोथिंबीर आणायचे. कधीकधी दोनदा.

चहा उकळला की एक घोट पिऊन बघायचा आणि सगळा परत पातेल्यात ओतून उकळायचा. फोन ठेवला की लगेच परत लावायचा आणि विचारायचं, "मघाशी मी जे बोललो ते तुमाला कळालं न्हवं?" निपाणीला आमच्या घरी यायचं असलं की बसची पाटी वाचायची आणि तरीही कंडक्टरला विचारायचं. एकदा त्यांनी मराठीत विचारलं, "निपाणीला जातीया न्हवं?" कंडक्टर हो म्हणाला. जागेवर बसल्यावर दाजींना पटेना, म्हणून त्यांनी तेच कानडीत विचारलं. कंडक्टर शांतपणे म्हणाला, "साहेब, कानडीत पण निपाणीलाच जातीया." लग्नाआधी एकदा ते गुंजी स्टेशनवर उतरले, पाटी वाचली, खात्री पटेना म्हणून पाटीच्या मागच्या बाजूला जाऊन तिकडूनही वाचली, आणि तेवढ्यात गाडी त्यांची पिशवी घेऊन लोंढ्याला निघून गेली. "पण गुंजीच होतं," हे ते अजूनही समाधानाने सांगतात.

आक्काला बघायला ते निपाणीला आले तेव्हाही हेच झालं. पोहे झाले, चहा झाला, मंडळी खुश होऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा मुलगा एकटाच परत दारात उभा. आमचे वडील चष्मा पुसून परत बघायला लागले. नकार सांगायला माणूस स्वतः येत नाही, आणि होकार सांगायलाही स्वतः येत नाही, मग हा आला कशाला? दाजी मान खाली घालून म्हणाले, "काल घाबरलोतो. नीट बघायचंच राहिलं." तेवढ्यात आतून आक्काच बाहेर आली आणि म्हणाली, "बरं झालं आलासा. मी पण कुठं बघितलंतं?" ते लग्न असं ठरलं. आमच्या घरात त्या दिवसापासून दाजींच्या दुसऱ्या खेपेला मान आहे.

कारखान्यात तर या खोडीचाच त्यांना पगार मिळत होता. आलेला प्रत्येक नग व्हर्नियरची मापपट्टी लावून मोजायचा, बाजूला ठेवायचा, परत उचलून मोजायचा. दाजींच्या हातून गेलेला माल परत आला, असं कधी झालं नाही. पण मध्यंतरी तिथे एक तरुण साहेब आले, एमबीए झालेले. दाजींनी नापास केलेली मालाची एक रास त्यांनी कागदावर सही करून पास केली, आणि दाजी विचारायला गेले तेव्हा हसून म्हणाले, "तुमचं मोजमाप बरोबरच असतं हो. पण निर्णय घेणं हे वेगळं शिक्षण आहे." त्या दिवशी दाजी घरी येऊन जेवले नाहीत. वय पस्तिशीला टेकलेलं, इंजिनियरिंगची पदवी घेऊन बरीच वर्षं झालेली, तरी त्यांनी एमबीएच्या प्रवेश परीक्षेची पुस्तकं आणली. वर्षभर पहाटे उठून अभ्यास केला. परीक्षा देऊन बाहेर आले ते घामाने भिजलेले. मी विचारलं, "कसा गेला?" तर म्हणाले, "जेवढं सोडवलं तेवढं सगळं बरोबर हाय. दोनदा बघितलंय." ते खरंच होतं. फक्त प्रत्येक उत्तर दोनदा बघण्याच्या नादात पेपर निम्मा राहिला होता. निकाल लागला आणि चांगलं कॉलेज थोडक्यात हुकलं.

आता दुसरी खेप येणार, याबद्दल घरात कुणाला शंकाच नव्हती. पोहेसुद्धा दोनदा खाल्लेला हा माणूस परीक्षेला एकदाच बसून गप्प बसेल का? पण परीक्षेचे फॉर्म निघाले तरी दाजी हलेनात. "भरायचा की," असं मी म्हणालो की ते म्हणत, "बघूया." त्याच दिवसांत कारखान्याने त्यांना तपासणी खात्याचं प्रमुखपद देऊ केलं, पण अट अशी घातली की पुढची काही वर्षं नोकरी सोडायची नाही. म्हणजे प्रमुखपद घेतलं तर कॉलेज कायमचं सुटलं, आणि कॉलेजच्या मागे लागलं तर प्रमुखपद दुसऱ्याला. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. फॉर्मची मुदत त्याच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी पाचला संपत होती.

तो आठवडा आठवला की मी अजून आधी घड्याळाकडे बघतो. घरात कुणी मोठ्याने बोलेना. दाजी भाकरीचा तुकडा मोडून तसेच बसून राहायचे. बुधवारी सकाळी ते नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरून परत आले, कडी बघितली, निरोप घेतला, गेले, आणि थोड्या वेळाने तिसऱ्यांदा आले. आक्का घाबरली. इतक्या वर्षांत तिसरी खेप कधीच झाली नव्हती. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "ह्यांचं काय तरी बिघडलंय रं. हो म्हणत न्हाईत, न्हाय म्हणत न्हाईत. आत काय चाललंय कळंना झालंय." फॉर्म मी माझ्या मोबाइलवर सगळा भरून ठेवला होता, फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. मी म्हणालो, "मीच दाबून टाकू का?" तर आक्का एकदम कडाडली, "हात लावशील तर बघ! त्यांचं त्यांनी दाबायचं."

शेवटी शुक्रवारी मावशींनी माळ खाली ठेवली आणि निकाल दिला, "उद्या गावाला जायचं. देवीला कौल लावायचा. ती सांगंल तसं करायचं." दाजींच्या गावातली ही पद्धत जुनी आहे. लग्न असो, विहीर असो, कोर्टातली केस असो, गावदेवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. दाजी चटकन हो म्हणाले. कित्येक दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच कशाला तरी चटकन हो म्हटलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटल्यासारखं काहीतरी दिसलं.

शनिवारी शेजारच्यांची गाडी मागून घेतली आणि जांबोटीच्या रस्त्याने आम्ही चौघं निघालो. मी गाडी चालवत होतो. झाडी दाट होत गेली तसा मोबाइलवरचा नेटवर्कचा शेवटचा दांडाही गेला. मी घड्याळ बघून हिशेब केला. कौल लावून परत जांबोटीच्या बाजूला नेटवर्कात यायला भरपूर वेळ होता. देवळात म्हातारे गुरव वाटच बघत होते. त्यांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, "बाये, तुझं लेकरू दारात आलंय. परीक्षेला परत बसू का नको, एवढंच इचारतंय. बसायचं असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे." मावशींचे ओठ हलत होते. गुरवांचा शब्द संपतो न संपतो तोच उजवी पाकळी सरकली आणि टपकन खाली पडली.

मावशींनी जमिनीला डोकं टेकलं. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर उठून गाडीची किल्लीही काढली. "झालं, उठा," गुरव म्हणाले. दाजी उठले नाहीत. मूर्तीकडे बघत ते हळूच म्हणाले, "काका, एकदा परत लावता काय?"

"काय लावू?"

"कौल ओ. परत एकदा. म्हंजे पक्कं हुईल."

गुरवांचा चेहरा लाल झाला. "माझ्या आज्ज्यानं कौल लावला, बापानं लावला. आजपतोर कुणी देवीला परत सांग म्हटलं न्हाय! देवी काय खोटं बोलली व्हय रं?"

"तसं न्हाय ओ. वाऱ्यानं पडली असली तर?"

"वारं? गाभाऱ्यात? समईची वात बघ, हलतीया का?" गुरव आता उभेच राहिले होते. मावशींनी मध्ये पडून हात जोडले. "ल्हानपणापास्नं असंच हाय ओ त्याचं. राग मानू नका. त्याच्या मनाचं समाधान हुंदे, लावा एकदा." गुरवांनी पुटपुटत पाकळ्या पुन्हा लावल्या. रागाच्या भरात त्यांनी त्या जरा जोरातच दाबल्या असाव्यात, असा मला अजूनही संशय आहे. मग ते दाजींकडे वळून म्हणाले, "आता नेम ऐक. कौल मागितला की पडंपर्यंत जागा सोडायची न्हाय. मधीच उठलास तर देवीचा अपमान."

पाकळी पडेना. सुरुवातीला आम्ही हात जोडून बसलो, मग नुसते बसलो, मग पाय बदलून बसलो. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. दुपार कलायला लागली. मी बाहेर जाऊन मोबाइल डोक्यावर धरून देवळाला चक्कर मारून आलो. नेटवर्कचं नाव नाही. परत येऊन दाजींच्या मागे बसलो, तर त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला. माझा हिशेब हळूहळू अंगावर यायला लागला होता. आता निघालो तर सहज पोचू, आता निघालो तर पोचू, आता निघालो तर कदाचित पोचू. मी आक्काकडे बघितलं. ती मूर्तीकडे बघत नव्हती. ती एकटक नवऱ्याकडे बघत होती.

"एक इचारू?" ती म्हणाली. दाजींनी मान वळवली. "उजवी पडली म्हणून परत लावायला सांगितलंसा. डावी पडली असती तर गप घरला आला असता तुमी. व्हय का न्हाय?"

दाजींनी समोरच्या फरशीकडे बघत, अगदी लहान आवाजात सांगितलं, "पहिल्यांदा मार्क कमी पडले तर ठीक हाय. पहिली खेप असतीया ती. माणूस घाबरतंय, चुकतंय, परत करतंय. पण दुसऱ्यांदा पण तेवढेच पडले, तर मग मी तेवढाच म्हणायचं, न्हवं?"

इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांच्या दुसऱ्या खेपेला हसत होतो, आणि तेच त्यांचं सगळं भांडवल होतं. चहा बिघडला तरी परत उकळता येतो, निरोप घाईत झाला तरी परत घेता येतो, या एका भरवशावर हा माणूस जगत आला होता. आता ती शेवटची शिल्लक खर्च करायची वेळ आली होती आणि त्यांचा हात उघडत नव्हता. आक्का सरकत त्यांच्याजवळ गेली. देवळात, सासूसमोर, गुरवांसमोर तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तेवढाच तर तेवढाच," ती म्हणाली. "मी तेवढाच बघून केलाय की. आणि दोनदा बघून केलाय."

दाजी उठायला गेले आणि गुरवांकडे बघून परत बसले. नेम होता ना! पडेपर्यंत जागा सोडायची नाही. घड्याळाचा काटा चारच्या पुढे सरकला होता. मला ओरडावंसं वाटत होतं, पण देवीसमोर आणि त्या म्हाताऱ्यासमोर ओरडणार कसा? तेवढ्यात मावशी गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, लेकाला दंडाला धरून बाजूला सारलं आणि त्याच्या जागेवर मांडी घालून बसल्या. "प्वार माझं हाय. त्याच्या वतीनं मी बसते. चालतंय न्हवं काका?" गुरवांनी डोकं खाजवलं, मूर्तीकडे बघितलं, आणि म्हणाले, "आई बसली तर देवी काय म्हणणार?"

मग मी गाडी जी हाणली, तशी आयुष्यात कधी हाणली नाही. वळणावळणाचा रस्ता, मध्येच गुरं, मध्येच खड्डे. मागच्या सीटवरून दाजी म्हणाले, "पावणं, जरा वळवा की. आईजवळ पाण्याची बाटली ठेवली का बघून येऊ." मी आणि आक्का एकाच वेळी ओरडलो, "ठेवलीया!" पुढे ते गप्प बसले, पण काचेतून मागे बघत राहिले. एका चहाच्या टपरीजवळच्या वळणावर मोबाइलवर एक दांडा उगवला. मी करकचून ब्रेक दाबला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. पाचला थोडीच मिनिटं राहिली होती. दाजींनी फॉर्म वरून खाली वाचला. परत वर जाऊन वाचायला लागले. आक्का दातओठ खात खिडकीबाहेर बघत होती. शेवटी त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं. त्याबरोबर पडद्यावर प्रश्न उमटला, की एकदा फॉर्म दिल्यावर काही बदलता येणार नाही, तुमची खात्री आहे का?

"बघा," दाजी म्हणाले, "हे पण परत इचारतंय की!" त्या क्षणी त्यांचा चेहरा असा उजळला, जणू इतक्या मोठ्या जगात आपल्यासारखं कुणीतरी भेटलं. हसतच त्यांनी दुसऱ्यांदा बटण दाबलं. पडद्यावर गोल गोल फिरायला लागलं, आणि नेटवर्क गेलं.

फॉर्म पोचला की नाही, कळायला काही मार्ग नव्हता. पाच वाजून गेले. आम्ही तसेच मावशींना आणायला उलटे फिरलो. देवळाच्या पायरीवर मावशी आणि गुरव चहा पीत बसले होते. "पडली?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं. "तुमी वळलासा तवाच पडली," मावशी म्हणाल्या. "कुठली?" दाजी पुढे झाले. मावशींनी बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ते सांगणार न्हाय. सांगितलं की परत इचारशील." त्यांनी ते आजतागायत सांगितलेलं नाही. परतीच्या वाटेवर, त्याच टपरीच्या वळणावर माझा मोबाइल थरथरला. फॉर्म मिळाल्याची पोच आली होती. सोमवारी दाजींनी कारखान्यात जाऊन प्रमुखपद नको म्हणून सांगितलं, आणि एकदाच सांगितलं.

मग घरात तालीम सुरू झाली. पेपरात दाजी कुठे हरले ते आक्काने पक्कं ओळखलं होतं. संध्याकाळी ते सराव परीक्षेला बसले की ती समोर घड्याळ आणि हातात लाटणं घेऊन बसायची. सोडवलेल्या उत्तराकडे त्यांची नजर परत गेली की लाटणं पोळपाटावर आपटायचं आणि ती ओरडायची, "मागं बघू नका!" पहिल्या आठवड्यात तर आमच्या घरात लग्नाच्या बँडइतका आवाज होता. शेजारच्या काकू चौकशीला येऊन गेल्या. मावशीही माळ ओढता ओढता मध्येच म्हणायच्या, "मागं बघू नगंस रं बाळा." मीही कामावरून आलो की बूट काढायच्या आधी तेच म्हणायचो. दाजींना ते किती जड जात होतं ते दिसत होतं. उत्तर टिकवून पुढे जाताना त्यांची मान आपोआप वळायची, आणि ते ती दोन्ही हातांनी धरून जागेवर आणायचे. महिन्या-दोन महिन्यांनी पोळपाटावरचा आवाज कमी झाला, आणि एका संध्याकाळी तो झालाच नाही. आक्का लाटणं घेऊन नुसती बसून होती.

परीक्षेच्या दिवशी आम्ही केंद्राबाहेर उभे होतो. दाजी बाहेर आले, अंगावर घाम नव्हता. "सगळा सोडवला," ते म्हणाले. "बरोबर हाय का चूक, म्हाईत न्हाय. बघितलंच न्हाय." निकाल लागला आणि लांबच्या शहरातल्या एका चांगल्या कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. दोन वर्षं तिथेच वसतिगृहात राहायचं होतं. मावशींनी गल्लीत पेढे वाटले. दाजींनी पहिल्यांदाच एका बैठकीत एकच पेढा खाल्ला.

जायचा दिवस उजाडला. स्टेशनवर यायचं नाही, तिथे रडारड होते, असं त्यांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. मावशींनी हातावर दही दिलं, ते पाया पडले, बॅग उचलली, दाराशी बूट घालता घालता म्हणाले, "चला, येतो मी." हा पहिला निरोप होता, त्यामुळे कुणी हललं नाही. मावशींनी माळ हातात घेतली. मी पेपर खाली घेतला नाही. आक्का आत धपाटे डब्यात भरत होती. मी म्हणालो, "आक्का, डबा दे की, निघाले बघ." ती आतूनच म्हणाली, "असू दे. आत्ता परत येतील, तवा देते." मग तिने हात धुतले, केस नीट केले, पदर सारखा केला आणि डबा घेऊन उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. शेजारच्या काकू आज पिशवी न घेताच दारात आल्या होत्या.

आम्ही वाट बघितली. गल्लीतून दूधवाला गेला, शाळेची पोरं गेली. काकू म्हणाल्या, "अजून आले न्हाईत?" आक्काने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि मला म्हणाली, "कोपऱ्यावर जाऊन बघ रं." मी पळत गेलो. त्यांची रिक्षा कधीच निघून गेली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "बसले आणि गेले की. थोडा वेळ मान धरून बसलेते, मग गेले." मी परत आलो. उंबऱ्यावर आक्का तशीच उभी होती.

"गेले," मी म्हणालो.

"मागं न्हाय बघितलं?"

"न्हाय."

तिने डब्याकडे बघितलं. धपाटे अजून गरम होते. "शिकले म्हणायचं मग," असं ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसताच तिने पदर डोळ्यांना लावला. आतून मावशींच्या माळेचा आवाज थांबला होता. मला तिथे उभं राहवेना. कोपरा रिकामा आहे हे मी नुकतंच माझ्या डोळ्यांनी बघून आलो होतो. तरी मी चपला घातल्या आणि परत एकदा बघून आलो.